पायांची वळवळ, रक्तातलं लोह आणि डोक्यावरचं चुंबक

जेवणं आटोपून, भांडी आवरून रेडिओजवळ बसला असाल. आज मी बचतीचा किंवा कर्जाचा हिशोब सांगणार नाही. पण आजचा विषय मला मिळाला तो कर्जाच्या एका मागणीमुळेच, म्हणून सुरुवात तिथून करते.

मागच्या वर्षी पावसाळा संपता संपता आमच्या एका गटाची मासिक बैठक होती. वसुली झाली, इतिवृत्त लिहून झालं, आणि गटातल्या एक काकू म्हणाल्या, "ताई, मला तीस हजार अंतर्गत कर्ज पाहिजे." कशासाठी, तर शहरात एके ठिकाणी डोक्याला चुंबकाचं यंत्र लावून पायांची वळवळ बरी करतात, असं त्यांच्या भाच्यानं कळवलं होतं. रोज जायचं, वीस दिवस. काही जणी हसल्या. एक म्हणाली, "काकू, दुखणं पायात आणि चुंबक डोक्याला?" काकूंनी मान खाली घातली. मग हळूच म्हणाल्या, "हसा बायांनो. पण आठ वर्षं झाली, मी एक रात्र सलग झोपले नाही." त्यावर कुणी बोललं नाही.

कर्ज द्यायचं की नाही हे गटानं ठरवायचं असतं. पण सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मलाही काही माहीत नव्हतं. मी म्हटलं, पुढच्या बैठकीपर्यंत थांबू, मी चौकशी करते. बी.ए.ला माझा विषय इतिहास होता. कुठलीही गोष्ट समजून घ्यायची तर ती कधीपासून चालत आली आहे हे आधी बघायची सवय तेव्हापासून लागली. त्या महिनाभरात आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना विचारून आणि वाचून जे समजलं, ते आज तुम्हाला सांगते.

आधी दुखणं ओळखून घेऊ. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की पोटऱ्यांत काहीतरी वळवळायला लागतं. कुणी म्हणतं किडे फिरतात, कुणी म्हणतं आतून ओढ लागते. पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. उठून चार पावलं चाललं की बरं वाटतं, परत आडवं झालं की परत सुरू. दिवसा कामात असताना काही नाही, संध्याकाळ झाली की त्रास वाढतो. पायात गोळा येतो, पोटरी दगडासारखी होते, ते वेगळं. याला डॉक्टर 'रेस्टलेस लेग्ज' म्हणतात, म्हणजे स्वस्थ न बसणारे पाय. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हे जवळजवळ दुपटीनं दिसतं. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, अनेकींना होतं आणि बाळंतपणानंतर बहुतेकींचं जातं. काहींचं जात नाही.

हे ऐकताना मला माझी आत्या आठवली. मी लहान असताना रात्री जाग आली की आत्या अंगणात येरझारा घालताना दिसायची. घरात कुणी म्हणायचं बाहेरचं लागलंय, कुणी म्हणायचं काम चुकवायचं निमित्त आहे. तिला देवऋषाकडे नेलं, अंगारा लावला, लिंबू उतरवला. दिवसभर खुरपून आलेली बाई रात्री उगाच कशाला चालेल, असं कुणालाच वाटलं नाही. आत्या आता नाही. तिला हेच होतं असं मी खात्रीनं सांगू शकत नाही, पण लक्षणं तीच होती. आणि तिचं ऐकून कुणी घेतलं नाही, हे मात्र मी पाहिलंय.

आता इतिहासाकडे वळू. हे दुखणं सविस्तर लिहून ठेवणारा पहिला वैद्य इंग्लंडमधला, थॉमस विलिस. 1672 मध्ये त्यानं लॅटिन भाषेत एक ग्रंथ लिहिला. आपल्याकडे तेव्हा शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला दोन वर्षं बाकी होती. त्या ग्रंथात त्यानं असे रुग्ण वर्णिले आहेत, जे झोपायला गेले की त्यांच्या हातापायांत अशी उसळी आणि तळमळ सुरू होते की एखाद्याचा छळ चालल्यासारखं त्यांना वाटतं. एका खानदानी बाईची हकीकतही त्यानं दिली आहे. तिला त्यानं जवळजवळ तीन महिने अफूचं औषध दिलं, सोबत रक्त सुधारण्यासाठी दुसरी औषधं दिली, आणि पुढे अफू सोडूनही ती बऱ्यापैकी झोपू लागली. अफूची सवय लागते हे आपल्याला माहीत आहे, त्यामुळे त्या औषधाची भलामण मी करत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते एवढंच, की त्या बाईचं म्हणणं वैद्यानं खरं मानलं, लिहून घेतलं आणि त्याचं कारण शरीरात शोधलं.

पुढची दोनशे वर्षं वैद्यकाचं या दुखण्याकडे फारसं लक्ष गेलं नाही. 1861 मध्ये थिओडोर विटमाक नावाच्या जर्मन डॉक्टरानं त्याची पुन्हा दखल घेतली आणि त्याला नाव दिलं, त्याचा अर्थ साधारण 'नडग्यांची घालमेल'. पण त्यानं हे हिस्टेरियाचं लक्षण मानलं. मैत्रिणींनो, हिस्टेरिया हा शब्द गर्भाशयासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आला आहे. बाईला काय होतंय ते कळलं नाही की तिच्या गर्भाशयावर किंवा तिच्या मनावर खापर फोडायचं, हे तिकडेही चालायचं. आपल्याकडे बाहेरचं लागलं म्हणतात, तिकडे हिस्टेरिया म्हणत होते. दोन्हीकडे परिणाम एकच, बाईचं दुखणं तपासायचं राहून जायचं.

हा शिक्का पुसायला स्वीडन देशातला कार्ल-आक्सेल एकबोम हा मेंदूचा डॉक्टर यावा लागला. 1945 मध्ये त्यानं या दुखण्यावर पुस्तकच लिहिलं आणि 'रेस्टलेस लेग्ज' हे आजचं नाव दिलं. त्यानं पुष्कळ रुग्णांना बसवून नीट विचारलं. कधी होतं, कुठे होतं, कशानं बरं वाटतं, घरात आणखी कुणाला आहे का? तेव्हा ध्यानात आलं की हे दुखणं घराण्यात चालत येतं, गरोदर बायकांमध्ये जास्त दिसतं आणि अंगात रक्त कमी असलेल्यांमध्ये जास्त दिसतं. 2007 मध्ये शास्त्रज्ञांना या दुखण्याशी जोडलेली काही जनुकंही सापडली, म्हणजे आईकडून लेकीकडे ते कसं येतं याचा माग लागला.

एकबोमनंतर त्याच देशातला नॉर्डलँडर नावाचा डॉक्टर 1953 मध्ये एक पाऊल पुढे गेला. त्यानं या रुग्णांना शिरेतून लोहाची इंजेक्शनं दिली आणि बहुतेकांना आराम पडला. त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. हिमोग्लोबिन ठीक असलं तरी शरीरात आत लोह कमी असू शकतं. घरखर्चाचं बघा ना. रोजचा बाजार हातातल्या पैशांवर चाललेला असतो, पण पेटीतली शिल्लक संपत आलेली असते. हिमोग्लोबिन म्हणजे हातातले पैसे. शिल्लक किती आहे हे फेरिटिन नावाच्या तपासणीत कळतं. पुढे मेंदूचा अभ्यास झाला तेव्हा या रुग्णांच्या मेंदूच्या काही भागांत लोह कमी असल्याचं दिसलं. डोपामिन नावाचं एक रसायन मेंदू तयार करतो, हालचाल ताब्यात ठेवायला ते लागतं, आणि ते तयार व्हायला लोह लागतं. म्हणजे वळवळ पायात जाणवली तरी बिघाड पायात नसतो. बैठकीत विचारलेल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला इथे मिळालं.

तरी लोहाचा धागा बरीच वर्षं मागे पडला, कारण गोळ्या आल्या. 1982 मध्ये तुर्कस्तानातल्या अकपिनार नावाच्या डॉक्टरानं कंपवाताचं औषध या रुग्णांना दिलं आणि पहिल्या रात्रीपासून झोप लागण्याइतका फरक पडू शकतो असं दिसलं. ते डोपामिन वाढवणारं औषध. पुढे त्याच जातीच्या आणखी गोळ्या आल्या, 2005 मध्ये अमेरिकेच्या सरकारनं त्यातल्या एकीला खास या दुखण्यासाठी मान्यता दिली. पण 1996 पासूनच डॉक्टरांनी नोंदवायला सुरुवात केली होती की ही औषधं बरीच वर्षं घेतली तर उलटी फिरतात. आधी रात्री दहाला सुरू होणारी वळवळ दुपारी सुरू होते, पायांतून हातांत चढते. काही जणांना तर या गोळ्यांमुळे जुगाराचा, वाटेल तशी खरेदी करण्याचा नाद लागला. आज या विषयातले तज्ज्ञ या गोळ्यांपासून सुरुवात करू नका म्हणतात. आधी लोह तपासा, असं सांगतात. म्हणजे 1953 सालच्या गोष्टीकडे फिरून परत आलो.

औषधं उलटतात असं दिसल्यावर माणसं दुसरी वाट शोधणारच. इथे चुंबक येतं. पण चुंबकाचा इतिहासही सरळ नाही.

अठराव्या शतकात फ्रान्झ मेस्मर नावाचा डॉक्टर होऊन गेला. आधी व्हिएन्नात आणि 1778 पासून पॅरिसमध्ये तो रुग्णांवर उपचार करायचा. सुरुवातीला तो अंगावर चुंबकं ठेवायचा. पुढे म्हणू लागला की माझ्याच अंगात चुंबकशक्ती आहे, नुसत्या हातानं मी ती देतो. त्याच्याकडे श्रीमंत बायकांची रीघ लागली. कुणी थरथरायच्या, कुणी बेशुद्ध पडायच्या आणि मग बरं वाटतं म्हणायच्या. फ्रान्सच्या राजानं 1784 मध्ये चौकशीसाठी समिती नेमली. अमेरिकेचा वकील म्हणून तिथे राहणारा बेंजामिन फ्रँकलिन आणि मोठा रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए हे त्या समितीत होते.

समितीनं काय केलं ते ऐका, कारण आपल्या कर्जाच्या प्रश्नाला ते उपयोगी पडलं. मेस्मरच्या एका शिष्यानं फ्रँकलिनच्या बागेतलं एकच झाड शक्ती देऊन भारलं. मग बारा वर्षांच्या एका मुलाचे डोळे बांधून त्याला एकेका झाडाला मिठी मारायला लावली. चौथ्या झाडाशी मुलगा बेशुद्ध पडला, आणि भारलेलं झाड तर लांबच होतं. एका बाईला भारलेलं पाणी म्हणून साधं पाणी दिलं तर तिला झटका आला, आणि खरोखर भारलेलं पाणी न सांगता दिलं तर ती शांतपणे प्यायली. समितीनं निकाल दिला, चुंबकशक्ती वगैरे काही नाही, हा कल्पनेचा परिणाम आहे. त्या माणसांचं थरथरणं ढोंग नव्हतं, ते त्यांना खरंच होत होतं. पण ते उपचारामुळे होत नव्हतं. खरा उपचार आणि खोटा उपचार, घेणाऱ्याला न कळू देता, दोन्ही देऊन बघायचे, ही रीत तिथून पुढे वैद्यकात रुजत गेली.

मग आजचं यंत्र मेस्मरचंच का? नाही. मध्ये लंडनचा मायकेल फॅरेडे येऊन गेला. लोहाराचा मुलगा, पुस्तकं बांधायच्या दुकानात उमेदवारी केलेला. 1831 मध्ये त्यानं दाखवलं की तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबकाचा जोर कमी-जास्त केला की तारेत वीज वाहते. ज्यांच्या घरी इंडक्शन शेगडी आहे त्यांनी हे रोज पाहिलं आहे. शेगडीला जाळ नसतो. आतल्या वेटोळ्यातलं चुंबकत्व भराभर बदलतं, त्यानं पातेल्याच्या बुडात वीज फिरते आणि बूड तापतं. काच मात्र स्वतःहून तापत नाही.

आपला मेंदूही विजेच्या बारीक इशाऱ्यांवर चालतो. 1985 मध्ये इंग्लंडच्या शेफील्ड गावात अँथनी बार्कर आणि त्याच्या सोबत्यांनी डोक्यावर असं वेटोळं धरलं, क्षणभर जोराचा प्रवाह सोडला आणि माणसाचा हात आपोआप हलला. कवटी न उघडता, सुई न टोचता मेंदूच्या त्या भागात बारीकशी वीज उठली होती. हे खरं यंत्र आहे आणि त्यामागचं शास्त्रही खरं आहे. वारंवार ठोके देऊन नैराश्यावर उपचार करायला अमेरिकेत 2008 मध्ये मान्यता मिळाली. काकूंनी ऐकलं होतं ते हेच यंत्र.

आता पायांचं. 1999 मध्ये जर्मनीत या यंत्रानं रेस्टलेस लेग्जच्या रुग्णांचा मेंदू तपासला. मेंदूचा जो भाग हालचाल घडवतो त्याला एक आतला लगाम असतो. या रुग्णांमध्ये तो ढिला दिसला. मग विचार आला की ठोके देऊन तो भाग ताळ्यावर आणता येईल का? 2014 मध्ये तुर्कस्तानातून एक प्रयोग प्रसिद्ध झाला. रुग्ण एकोणीस. अकरा जणांना खरे ठोके दिले, आठ जणांना खोटे, म्हणजे उपचाराचं नुसतं सोंग केलं. दहा बैठकी झाल्या. खरे ठोके मिळालेल्यांचा त्रास कमी झाला, बाकीच्यांचा झाला नाही. 2015 मध्ये चीनमधून दुसरा प्रयोग आला. चौदा रुग्ण, चौदा बैठकी, आणि फरक दोन महिन्यांपर्यंत टिकला. पण तिथे खोट्या ठोक्यांचा गट नव्हता, सगळ्यांना खरेच दिले होते.

म्हणजे फ्रँकलिनच्या बागेतली परीक्षा एका लहान प्रयोगात हे चुंबक पास झालं. हे कमी नाही. पण एकोणीस माणसं म्हणजे आपल्या दोन गटांइतक्याही बाया नाहीत. एवढ्यावरून सगळ्यांसाठी उपचार ठरवता येत नाही. शिवाय फरक टिकतो काही आठवडे, मग परत जावं लागणार. यंत्रानं डोकं दुखू शकतं, क्वचित फिटही येऊ शकते. ज्यांना फिट्स येतात, ज्यांच्या डोक्यात धातूचा तुकडा आहे किंवा छातीत पेसमेकर आहे, त्यांनी डॉक्टरांना हे सांगितल्याशिवाय यंत्राजवळ जाऊच नये.

पुढच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. मग काकूंना विचारलं, "काकू, त्या ठिकाणी तुमचं रक्त तपासलं का?" त्या म्हणाल्या, "नाही गं ताई. आधी पैसे भरा म्हणाले." त्यांना कधी कुणी विचारलंही नव्हतं की पाळीत जास्त जातं का. पंचेचाळिशीच्या काकूंच्या अंगावरून दर महिन्याला आठ-आठ दिवस जात होतं. संकोचानं त्या कधी बोलल्या नव्हत्या.

गटानं ठराव केला. तीस हजार आत्ता नाहीत, तपासणीला आणि जाण्यायेण्याला दोन हजार द्यायचे. आशाताई सोबत गेल्या. आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासलं, ते कमी निघालं. फेरिटिन बाहेरच्या प्रयोगशाळेत केलं, ते तर तळालाच होतं. या दुखण्यात फेरिटिन 75 पर्यंत असलं तरी लोह द्यावं असं तज्ज्ञ सांगतात. काकूंचं होतं अकरा. डॉक्टरांनी लोहाचं औषध सुरू केलं आणि जास्त रक्त जाण्यासाठी ग्रामीण रुग्णालयात पाठवलं.

तीन-चार महिन्यांनी काकू बैठकीत म्हणाल्या, "आठवड्यातून चार-पाच रात्री झोपते मी." सगळ्या रात्री अजून नाहीत. जादू झालेली नाही, आणि सगळ्यांचं दुखणं लोहानं जातं असंही नाही. मूत्रपिंडाच्या आजारानं, काही औषधांनीही ते होतं. पण जे तीन हजारांच्या आत कळण्यासारखं होतं, त्यासाठी आपण तीस हजारांचं कर्ज काढणार होतो.

मैत्रिणींनो, 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या शंभर बायकांमध्ये सत्तावन्न जणींना रक्तक्षय होता. म्हणून तुमच्या घरात कुणाचे पाय रात्री ठरत नसतील तर चार गोष्टी करा. एक, उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि फेरिटिनबद्दल डॉक्टरांना विचारा. दोन, लोहाच्या गोळ्या आपल्या मनानं सुरू करू नका, घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल तर आधी सांगा. गोळी चहासोबत घेऊ नका, चहानं लोह अंगी लागत नाही. तीन, सर्दीची, ॲलर्जीची किंवा झोपेची गोळी रोज घेत असाल तर तीही डॉक्टरांना दाखवा, काही गोळ्यांनी वळवळ वाढते. संध्याकाळचा चहा-कॉफी सोडून बघा. चार, कुणी महागडा उपचार सांगितला तर विचारा, खोट्या उपचाराशी ताडून बघितलाय का, किती माणसांवर, आणि फरक किती दिवस टिकला? हे विचारायला डॉक्टर असावं लागत नाही.

काकूंची मोठी मागणी आम्ही फेटाळलेली नाही. इतिवृत्तात तसं लिहून ठेवलंय. मोठे प्रयोग झाले, चुंबक त्यांतही पास झालं आणि काकूंना तेव्हाही गरज असली, तर गट पुन्हा विचार करेल.

आणि घरातली कुणी बाई रात्री अंगणात फेऱ्या घालताना दिसली, तर तिला देवऋषाकडे नेऊ नका, काम चुकवते म्हणू नका. तिच्याजवळ जा आणि विचारा, पायात काय होतंय गं? माझ्या आत्याला हे कुणी विचारलं नाही. मी लहान होते, मीही विचारलं नाही.